नऊ नंबरचं कार्ड

४ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून पुन्हा पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरल्यासारखं, ही तुझी गेल्या खेपेची तक्रार लक्षात आहे. सावकाश लिहितेय.

मोठी पंचाईत झालीय. आमच्या विद्यापीठाने नियतकालिकांचे पैसे भरणं बंद केलं. कागदावरची कधीच बंद झाली होती, आता संगणकावरचीही. परवा एक लेख उघडायला गेले तर पडद्यावर कुलूप आलं. खरंच कुलपाचं चित्र! मार्गदर्शक बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "फुकट मिळतं ते शोधा." जसं काही झाडालाच लागलंय. जूनअखेर दोन प्रकरणं द्यायची आहेत, नाहीतर नोंदणी रद्द.

विषय तुला माहीत आहेच. घरी बसून खोके चिकटवणाऱ्या, बटणं टाकणाऱ्या बायका. आईसारख्या.

तू पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतीस. समाजशास्त्राची अर्धी मंडळी तुझ्या टेबलासमोर उभी राहून मोठी झाली. समाजशास्त्रवाल्यांना इंटरनेटवर फुकट काय काय मिळतं ते सांग ना. तुझ्याशिवाय कोणाकडे जाऊ? माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही.

तुझी,
भिंगरी


१३ जानेवारी

प्रिय भिंगरी,

ती म्हण मला लिहीत जाऊ नकोस. भाषेत दुसऱ्या पुष्कळ म्हणी आहेत.

आणि "फुकट" म्हणू नकोस, "खुलं" म्हण. फुकट म्हणजे कोणीतरी टाकून दिलेलं. खुलं म्हणजे कोणीतरी मुद्दाम आपल्यासाठी दार उघडं ठेवलेलं. त्यासाठी आमच्यासारख्यांनी भांडणं केलीत, हाताखालच्या लोकांशी आणि डोक्यावरच्याही.

सोबत पाच कार्डं पाठवतेय. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्याकडे कॅटलॉगची जुनी कार्डं रद्दीत काढली होती. मला बघवेना. दोन खोके उचलून आणले. एका बाजूला गेलेल्या पुस्तकांची नावं आहेत, दुसरी बाजू कोरी. खालच्या भोकातून दोरा ओवून ठेव म्हणजे तुझ्या त्या उकिरड्यात हरवणार नाहीत. प्रत्येक कार्डावर नंबर आहे. नंबर हलवायचा नाही.

एकवर खुल्या नियतकालिकांची यादी कुठे मिळते ते आहे, हजारो आहेत, कुलूप नाही. दोनवर संशोधक आपले लेख छापण्याआधी जिथे ठेवतात ते साठे. तीनवर प्रबंध. दुसऱ्यांचे प्रबंध वाच, निदान कसं लिहू नये ते कळेल. चारवर मोठ्या पाहण्यांची कच्ची माहिती, नाव नोंदवलं की उतरवून घेता येते. पाचवर बंद पडलेल्या संकेतस्थळांची जुनी पानं जपून ठेवतात ती जागा. आणि तरीही एखादा लेख कुलपात सापडला तर सरळ लेखकाला पत्र टाक. आपलं लिहिलेलं कोणीतरी मागतंय म्हटल्यावर ते बिचारे हरखून जातात.

दोन गोष्टी कार्डावर मावल्या नाहीत. आकडा उचलण्याआधी प्रश्नावली वाच. कोणी विचारलं, कुठे बसून विचारलं, शेजारी कोण होतं, हे आधी बघ. आणि मुलाखत असेल तर टंकलेल्या प्रतीवर जाऊ नकोस, मूळ आवाज ऐक. टंकणारा माणूस दमतो, कंटाळतो, गाळतो.

जेवतेस का वेळेवर?

मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी कार्डं म्हणजे अलिबाबाची गुहा! वर्गातल्या सगळ्यांनी त्यांचे फोटो काढून घेतले. एकजण म्हणाला, "मावशी भाड्याने मिळेल का?" आणि तू म्हणालीस तेच झालं. एका ऐंशी वर्षांच्या प्राध्यापकांना लेख मागितला, तर त्यांनी त्याच दिवशी लेख पाठवला, शिवाय न मागितलेले चार, शिवाय स्वतःच्या पाठदुखीची हकिगत.

चार नंबरच्या पाहणीत एक गोष्ट सापडली आणि तिथेच अडकून बसलेय. घरी काम करणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी पाचातलं एक मूल नातेवाइकांकडे राहतं. तुझं ऐकून प्रश्नावली काढली. तिच्यात एकच चौकट आहे: "मूल अन्यत्र राहते: होय / नाही." का राहतं, ते कोणी विचारलेलंच नाही.

ते "का" मला हवंय. दुसरं प्रकरण त्याच्यावरच लिहायचं ठरवलंय. त्या पाचातली एक मी आहे, मावशी. चार वर्षांची असताना आईने मला तुझ्याकडे पाठवलं. तू नेहमी सांगतेस, खोक्यांपुढे तिला वेळ नव्हता. दोन वर्षांत ती मला बघायला एकदा आली आणि मग गेलीच. चेहरा त्या एका फोटोमुळे माहीत आहे. आवाज मुळीच आठवत नाही. तिला मी नकोशी झाले होते का, एवढं एकदा मला कळायला हवं. प्रबंधात असं लिहिता येत नाही, तिथे "बालसंगोपनाचे पर्याय" लिहावं लागतं.

गंमत म्हणजे माझी सगळ्यात जुनी सुखाची आठवण तुझीच आहे. ती बाग, निळा झोपाळा, तू मागून ढकलतेयस आणि मी ओरडतेय, "आणखी, आणखी!" तेव्हा आई कुठे होती, हा विचारही मनात नव्हता बघ.

तर आता आकडे नकोत. बायका स्वतःच्या तोंडाने बोलल्यात अशा मुलाखती कुठे खुल्या आहेत? पटकन सांग.

तुझी,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

गुडघ्यांनी आठवडाभर पलंगावरून उठू दिलं नाही, म्हणून उशीर.

कार्डं पाठवतेय. सहावर खाणकामगारांच्या बायकांच्या मुलाखती आहेत, आवाजासकट. सातवर कामगारांसंबंधीचे निरनिराळ्या देशांचे अहवाल. आठवर संशोधकांनी स्वतः जमवलेली माहिती दुसऱ्यांसाठी ठेवलेली आहे. दहावर स्त्रियांच्या संघटनांची जुनी पत्रकं. अकरावर मुलाखती कशा वाचाव्यात, त्यांतून धागे कसे काढावेत, याचा एक खुला अभ्यासक्रम आहे, तो करच.

मुलांच्या प्रकरणाचा नाद सोड, असं मला वाटतं. मजुरीवर लिही, पाठीच्या दुखण्यांवर लिही, त्याला पुरावा भरपूर आहे. संशोधकाने आपल्याच घरात खणू नये. तुझ्या बाईही हेच सांगतील.

थंडी फार आहे. स्वेटर घाल.

मावशी


१ मार्च

प्रिय मावशी,

स्वेटर घातलाय. आता एक विचारते, रागावू नकोस.

नऊ नंबर कुठेय?

आठनंतर एकदम दहा आहे. मला वाटलं पाकिटात चिकटून राहिलं असेल, पाकीट फाडून बघितलं. मग अकरा नंबर नीट वाचलं. तुझी ती सवय, तळाला बारीक अक्षरात लिहायची: "९ सुद्धा पाहा." पाहते की, पण काय पाहू? त्यावर काय होतं?

प्रकरण सोडणार नाही. बाई उलट खूश आहेत.

भिंगरी


१० मार्च

प्रिय भिंगरी,

नऊ हरवलं असेल. वय झालं माझं. त्यावर विशेष काही नव्हतं, एक जुना ध्वनिसंग्रह, आवाज खराब, घरघर फार. तुझ्या कामाचा नाही.

आणि ताईविषयी पुन्हा एकदा सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यातला किडा जाईल. तुझे वडील आधीच गेले होते. एक खोली, तिच्यात छतापर्यंत पुठ्ठे आणि खळीचा वास. तिला वेळ नव्हता. तुझं भलं व्हावं म्हणून तिने तुला माझ्याकडे दिलं, आणि भलं झालं. यापलीकडे त्यात काही नाही. खपली काढू नये.

मावशी


२८ मार्च

मावशी,

तू कधी काही हरवत नाहीस. पस्तीस वर्षांत तुझ्या ग्रंथालयातलं एक पुस्तक गहाळ झालं, तर तू त्याच्यासाठी तीन गावं फिरलीस. म्हणूनच मला कळलं की नऊ हरवलेलं नाही.

बाईंना विचारलं, घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या आवाजांचा जुना संग्रह कुठे आहे का? त्या हसल्या. म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या मावशीच्याच ग्रंथालयात आहे. कॅसेटी होत्या, त्यांनीच निवृत्तीआधी संगणकावर चढवून घेतल्या. सगळ्यांना खुल्या आहेत."

एकशे बारा मुलाखती. नावं काढलेली, नुसते क्रमांक, नाव आलं की त्यावर "टूं" असा आवाज. मी पहिल्यापासून ऐकायला बसले, वही घेऊन, अकरा नंबरच्या कार्डात शिकवलंय तसं. सदतिसावी सुरू झाली आणि पहिल्याच वाक्याला मी मोठ्याने हसले. विचारणारी तू होतीस! "हं, बरं," करून घसा खाकरायची तुझी तऱ्हा तेव्हाही तीच. मला वाटलं, लाजलीस म्हणून लपवलंस. स्वतःचा तरुणपणीचा आवाज कोणाला ऐकवत नाही.

तुझा आवाज मी ओळखला, मावशी. तिचा नाही ओळखला.

चाळीस मिनिटं मी एका परक्या बाईचं बोलणं ऐकत होते. वहीत लिहीत होते: "पाठदुखी. खळीमुळे हातांना भेगा. मुकादम माल परत करतो." ती तुला "बाई" म्हणत होती, "तुम्ही" म्हणत होती, आणि मधेच खुदकन हसत होती. मला वाटलं, बुजलीय. मी लिहिलं: "उत्तरदाती संकोची."

एकेचाळिसाव्या मिनिटाला तू विचारलंस, "घरात मुलं किती?" तिने हातातला पुठ्ठा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "धाकले, पुरे झालं हे तुम्ही-आम्ही. तू भिंगरीला कधी आणतेस? किती महिने झाले. मला चालवत नाही, नाहीतर मी आले असते. तू नुसती शाळा शाळा करतेस. एकदा आण. माझी मुलगी मला दे."

आणि तू म्हणालीस, "पुढचा प्रश्न. दिवसाला किती खोके होतात?"

मी ते पंचवीस-तीस वेळा ऐकलं. दर वेळी वाटतं, आता तरी दुसरं काही म्हणशील.

तिला मी हवी होते. तुला ठाऊक होतं. चोवीस वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस आणि "तिला वेळ नव्हता" म्हणालीस. लहानपणी मी रडले की तू हेच म्हणायचीस आणि माझे डोळे पुसायचीस. कसे पुसलेस गं?

जगातल्या कोणालाही ते ऐकता येतं. कोणी परदेशी पोरगी ते ऐकून तळटीप लिहीत असेल. एवढी एक मीच ऐकू नये, अशी तुझी इच्छा होती.

उत्तर नको.


१६ एप्रिल

भिंगरी,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहितेय. वाचलं नाहीस तरी चालेल, पण जाळू नकोस, ठेव. कधीतरी लागेल.

तुला दोन महिन्यांसाठी आणलं होतं. ताईला ताप असायचा, खोलीत पुठ्ठ्याची धूळ, तू खोकायचीस. तीच म्हणाली, "हिला चार दिवस ने, धाकले." ती बरी होईपर्यंत, एवढंच ठरलं होतं. माझ्या घरात तोवर मी आणि पुस्तकं. तू आलीस आणि पहिल्याच दिवशी सगळी खालच्या फळीवरची पुस्तकं काढून त्यांची आगगाडी केलीस. मी पुस्तकाला कोणाला हात लावू द्यायची नाही, तुला दिला.

सहा महिन्यांनी ताई तुला न्यायला आली. बघायला नाही, न्यायला. तू तिला बघून माझ्यामागे लपलीस. ती हसली, म्हणाली, "लाजतेय." मग एकटीच परत गेली. आणि मला आनंद झाला. आज तुझ्यापासून काय लपवू? मी दार लावलं आणि मला आनंद झाला.

त्यानंतर ती निरोप पाठवायची आणि मी सबबी. शाळा, परीक्षा, तुझा सर्दी-खोकला. मी तिला भेटायला जायची, औषधं न्यायची, तुला नाही. मला भीती होती की एकदा तू तिच्या मांडीवर बसलीस की उठणार नाहीस.

त्या मुलाखती आमच्या संस्थेचं काम होतं. माणसं कमी पडली म्हणून मलाही धाडलं. प्रत्येकीने बारा घ्यायच्या. माझी पहिलीच बाई आयत्या वेळी नाही म्हणाली. नात्यातलं कोणी घ्यायचं नाही असा नियम होता. मी ताईकडे गेले आणि फॉर्मवर "उत्तरदाती ओळखीची नाही" असं लिहिलं. तिला म्हटलं, मला अहोजाहो कर. तिला त्याचं केवढं हसू येत होतं! म्हणून ती मधेमधे हसतेय. ती संकोची नव्हती, भिंगरी. तुझ्या वहीत तेवढं दुरुस्त कर.

तो गुरुवार होता. तिने ते विचारलं तेव्हा मी मान वर करून तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्याने "पुढचा प्रश्न" म्हणवलं नसतं. मी कागदाकडे बघितलं. शेवटी "आभारी आहे" म्हटलं आणि मागे जाऊन तोंड धुतलं. मग येऊन यंत्र बंद केलं. निघताना ती म्हणाली, "रविवारी आण." मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी तुला नवा फ्रॉक घातला. दोघी निघालोही. कोपऱ्यावर आल्यावर डावीकडे ताईकडचा रस्ता. मी उजवीकडे वळले. तुला बागेत नेलं. निळा झोपाळा तोच, भिंगरी. तू "आणखी, आणखी" म्हणत होतीस आणि मी ढकलत होते, आणि ताई दाराकडे डोळे लावून बसली असणार. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी नेईन. ती शुक्रवारी गेली.

तिच्या दारात जमलेल्या बायका तुला माझ्या कडेवर बघून म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो." माझं कौतुक करत होत्या. त्या दिवसापासून ती म्हण मला ऐकवत नाही.

त्या मुलाखतीची प्रत मीच टंकली. पुन्हा कधी ऐकली नाही. कॅसेटी संगणकावर चढवायच्या ठरल्या तेव्हा काय खुलं ठेवायचं, काय बंद, ते माझ्या सहीने ठरत होतं. सदतीसवर "बंद" लिहायला पेन उचललं होतं. कोणाला विचारायचीही गरज नव्हती. लिहवलं नाही. वाचकाला वस्तू नाकारायची नाही, हे आयुष्यभर पाळलेलं. आणि कोणती नावं पुसायची त्याची यादीही मीच केली. सगळी पुसली. "भिंगरी" ठेवलं. मनाला सांगितलं की ते काही नाव नव्हे.

तुझ्यासाठी कार्ड लिहिलं होतं, ते पाकिटातून काढून घेतलं. उरलेल्यांचे नंबर बदलले असते तर तुला कधी कळलं नसतं. पण एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नसतो. हात वळेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

ते नऊ नंबर सोबत आहे. घे.

मावशी


१९ मे

भिंगरी,

महिना झाला. पोस्टमन मला बघितलं की आता दुरूनच मान हलवतो.

क्षमा कर असं मी म्हणत नाही, तसं म्हणायचं तोंड मला नाही. एवढंच विचारायचंय, जूनअखेर प्रकरणं द्यायचीत ना? माझ्यामुळे नोंदणी जाऊ देऊ नकोस. संदर्भांच्या याद्या करणारं एक खुलं साधन आहे, तुझे दहा दिवस वाचतील. बारा नंबरचं कार्ड पाठवतेय. दुसरं काय पाठवू, मला सुचत नाही.

आणि हो, पाहिजे तर सदतीस नंबर प्रबंधात वापर. फॉर्मवर मी खोटं लिहिलं, हेही लिही. माझी हरकत नाही, तसं सहीचं पत्र संस्थेला टाकलंय.

मावशी


१० जून

मावशी,

पत्र वाचलं होतं. दोन्ही. कार्डही मिळालं. दोऱ्यात आठ आणि दहाच्या मधे ओवलं.

लिहायला बसायची आणि कागद फाडून टाकायची. तुला शिव्या द्याव्यात म्हटलं तर ताप आल्यावर माझ्या उशाशी कोण बसलं होतं ते आठवायचं, आणि ते आठवलं की झोपाळा आठवायचा. माझी एकुलती एक चांगली आठवण होती ती. तीही आता तशी राहिली नाही. हे मी तुला कधी माफ करेन का, मला माहीत नाही. खोटं कशाला लिहू?

परवा प्रकरण लिहून संपवलं. सदतीस नंबर वापरली. उत्तर देणारी आणि विचारणारी बहिणी आहेत, हे लिहिलं. तिसरं नातं लिहिताना बराच वेळ बसले, मग तेही लिहिलं.

शेवटी उतारे पडताळायचे होते. तू शिकवलंस तसं, प्रत समोर ठेवून मूळ आवाज ऐकत होते. तुझी टंकलेली प्रत "आभारी आहे" या शब्दांवर संपते. आतापर्यंत मीही तिथेच थांबायची. या वेळी हात वहीत अडकला होता म्हणून थांबवायचं राहिलं.

टेप तिथे संपत नाही, मावशी.

खुर्ची सरकते. तुझी पावलं लांब जातात. नळाचं पाणी. तू तोंड धुवायला गेलीस, यंत्र चालूच होतं. आणि खोलीत ती एकटी. तुला आता हे कधी ऐकू येणार नाही, म्हणून लिहून देते, अक्षरन् अक्षर, काही न गाळता.

आधी पुठ्ठ्याचा आवाज, ती काहीतरी बाजूला करते. मग आवाज एकदम जवळ येतो, यंत्राला तोंड लावल्यासारखा. म्हणते, "चालू आहे वाटतं हे." हसते. खोकते. मग हळूच:

"भिंगरे. ए भिंगरे. मावशीला त्रास देऊ नकोस हं."

मग तुझी पावलं, आणि खट्.

ती मला उद्देशून काही बोललीय आणि ते मला ठाऊक आहे, असं जगात एवढं एकच वाक्य आहे. तेही तुझ्याबद्दल! सबंध दिवस रडले. मग हसूही आलं. त्रास तर मला तुला द्यायचाय, मावशी, पुष्कळ द्यायचाय, या तीन महिन्यांत काय काय मनात जुळवून ठेवलं होतं. पण आईने आयुष्यात एकच गोष्ट सांगितली, आणि तेवढीही मी ऐकू नये?

तिच्याबद्दल मला सगळं सांग. ती कशी चालायची, कशावर चिडायची, तुम्ही दोघी लहानपणी कशावरून भांडायचात. ते कुठल्याही कार्डावर नाही, कुठल्याही साठ्यात नाही. मी विचारीन आणि तू सांगायचं. "पुढचा प्रश्न" म्हणायचं नाही.

पत्र तुला शुक्रवारी मिळेल. मी रविवारी येते. पुढच्या नाही, याच.

तुझी,
भिंगरी